आधी मुळं पाहा, मग औषध

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या बागकामाच्या सदरात ‘हिरवळीवर पिवळे डाग दिसताच बुरशीनाशक फवारावे, जोडीला युरिया द्यावा’ असा सल्ला वाचला. हे सदर मी नेमाने वाचते, त्यातून पुष्कळ शिकलेही आहे. तरी राहवलं नाही, कारण मागच्या वर्षी मी नेमकं हेच केलं आणि अर्धी हिरवळ घालवून बसले.

फाटकाजवळ ताटाएवढा डाग पडला होता. बुरशीच असणार असं धरून मी दोनदा फवारणी केली. तेवढे दिवस नातीला गवतावर पाऊल टाकू दिलं नाही, ती दारातूनच बघत बसायची. डाग मात्र पसरतच गेला. एका सकाळी त्याच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढलं, तर सतरंजीचं टोक उचलावं तसं ते अख्खं वर आलं. खाली मुळंच नव्हती. खुरप्याने फूटभर लांब-रुंद जागा दोन-तीन इंच उकरली, माती जुन्या वर्तमानपत्रावर पसरली आणि मोजलं. हुमणीच्या, म्हणजे गवताची मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या, चौदा अळ्या! पांढुरक्या, तपकिरी डोक्याच्या, अंगाची कमान करून पडलेल्या. चार-पाच असत्या तर निरोगी गवताने सोसल्या असत्या. पक्षी कितीतरी दिवस तिथेच चोची मारत होते, ते रोज दिसूनही मला उमगलं नाही. अळ्या वेचून काढल्या, मोकळ्या जागी पुन्हा गवत लावलं. यंदा ती जागा भरून आली आहे.

बुरशी असती तर तिची खूण पात्यांवर सापडली असती. पहाटे दव असताना गवतावर कोळिष्टकासारखे धागे दिसतात, पात्यांवर तपकिरी कडेचे फिकट ठिपके असतात, आणि ओढलं तरी गवत सहसा असं सोलून येत नाही. उष्ण, दमट रात्री ती फोफावते; संध्याकाळी पाणी घातलं की पाती रात्रभर ओली राहतात, ते तिच्या पथ्यावरच पडतं. अशा वेळी युरिया दिला तर भराभर कोवळी वाढ होते आणि रोग आणखी पसरतो. म्हणजे सदरातल्या सल्ल्याचा एक हात रोग आवरतो आणि दुसरा त्याला खाऊ घालतो.

शिवाय प्रत्येक पिवळेपणा हा रोगही नसतो. मधे करपलेलं आणि भोवती गडद हिरवं कडं असेल तर बहुधा कुत्र्याने लघवी केलेली असते. लगेच भरपूर पाणी ओतलं तर गवत बऱ्याचदा वाचतं. सरळ पट्टे करपले असतील तर खत टाकताना एकाच जागी दोनदा पडलं का, ते आठवावं. नवी पाती पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. आधी जुनी, खालची पाती पिवळी पडली तर नत्र कमी पडतंय, जे युरियातून मिळतं. युरियाची गरज असलीच तर ती या शेवटच्या गवताला. शेंडेच तेवढे चिंध्यांसारखे फाटून पांढरे पडले असतील तर कापायच्या यंत्राचं पातं बोथट झालंय. आणि डागाच्या जागी स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहावा. आजूबाजूला सहज शिरतो आणि तिथे अडतो, तर माती घट्ट झाली आहे किंवा खाली बांधकामाचा राडारोडा आहे. त्यावर कसली फवारणी करणार?

हिरवळ ही मुलांची लोळायची जागा आहे. कारण न शोधता तिथे औषध मारायला सांगणं मला फार खटकलं.

सदराच्या लेखकांना विनंती आहे की पुढच्या वेळी डागाच्या छायाचित्राबरोबर त्याच डागातून उपटलेल्या गवताच्या मुळांचंही छायाचित्र द्यावं. औषधाचं नाव त्यानंतर आलं तरी चालेल.

आपली,
एक नियमित वाचक