धुरातला चहा

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

पुडकं फोडल्याफोडल्या तू फोनवर विचारलंस, ‘‘चहा पाठवलायस की बंबातला कोळसा?’’ मागून वहिनींचं ‘‘ते आधी गॅलरीत ठेवा’’ ऐकू येत होतं, म्हणून तेव्हा जास्त बोललो नाही. आता सविस्तर लिहितो.

हा लापसांग सूचाँग. चीनमधल्या फुजियान प्रांतात वुयी डोंगर आहेत, तिथल्या तोंगमू गावचा. गाव साधारण हजार मीटर उंचीवर. वसंतात चहा खुडायची वेळ येते तेव्हा तिथे धुकं आणि पाऊस. पत्ती उन्हात सुकवायची सोय नाही, म्हणून माणसांनी आगीचा आधार घेतला. त्यासाठी तिथे बहुमजली लाकडी इमारती असतात. खाली पाइनची लाकडं जळतात, वरच्या मजल्यांवर बांबूच्या चटयांवर ओली पत्ती पसरलेली असते आणि मधल्या फटींतून ऊब आणि धूर वर चढत राहतो. पत्ती मळून, आंबवून झाली की शेवटची वाळवणही याच धुरावर. म्हणजे वरून कसलाही अर्क शिंपडलेला नाही. स्वस्त मालात तोही प्रकार चालतो आणि त्याला डांबराचा वास येतो. तसला कधी हाती लागलाच तर खुशाल फेकून दे.

गावात एक दंतकथा सांगतात. मिंग राजवटीच्या अखेरीस फौज येऊन चहाच्या कोठारात मुक्काम ठोकून बसली, पत्ती तशीच पडून काळी पडली, मग घाईघाईने पाइनच्या आगीवर वाळवून विकली आणि ती गिऱ्हाइकांना आवडली. खरंखोटं देव जाणे, पण जगातला पहिला काळा चहा (बिनदुधाचा नव्हे, आंबवून काळ्या केलेल्या पत्तीचा) हाच, असं पुष्कळ जण मानतात. आपला याच्याशी संबंध कसा, तेही ऐक. १८४९ मध्ये रॉबर्ट फॉर्च्युन नावाचा स्कॉटिश माळी ईस्ट इंडिया कंपनीसाठी चिनी वेषात याच डोंगरांत शिरला. त्याने चीनमधून मिळवलेली रोपं, बिया आणि चहाचे कारागीर हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांत पोचले. एरवी तू ज्या दार्जिलिंगचं कौतुक करतोस, त्याची मूळ झुडपंही चिनी जातीचीच.

आता पिण्याचं. आपल्यासारखा खळखळ उकळायचा नाही, आलं-वेलची तर मुळीच नको. कपभर पाण्याला एक छोटा चमचा पत्ती. पाण्याला उकळी आली की गॅस बंद कर, जरा थांब, पत्तीवर ओत, तीन मिनिटं झाकून ठेव आणि गाळ. रंग तांबूस, स्वच्छ येतो. पहिल्या घोटाला नाकात धूर भरेल, तिथे कप खाली ठेवू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला धूर मागे सरकतो आणि सुक्या फळाचा गोडवा जिभेवर उतरतो. चिनी लोक त्याला वाळवलेल्या लाँगनची चव म्हणतात. लाँगन म्हणजे लिचीच्या कुळातलं फळ. दूध घालणारेही आहेत, त्यांना माझी ना नाही. साखर मात्र नको.

पण खरं सांगू? मी हा चहा पितो त्याहून जास्त रांधतो. तू जळगावचा, भरिताचं वांगं पऱ्हाटीवर, कपाशीच्या वाळक्या काटक्यांवर, भाजलेलंच हवं म्हणणारा. पुण्याच्या फ्लॅटमध्ये गॅसवर भाजून तोंड वाकडं करतोस. तर हे कर. चार चमचे साजूक तूप अगदी मंद आचेवर पातळ कर, त्यात चमचाभर पत्ती टाक, दहा मिनिटं नुसतं कोमट राहू दे. तडतडायला लागलं की बिघडलं, पत्ती करपून कडू होते. मग फडक्यातून गाळ. धुराचा वास तुपात फार छान मुरतो. हे तूप भरितावर, मुगाच्या खिचडीवर, अख्ख्या मसुराच्या आमटीवर सोडून बघ. आमटीत थेट पत्तीच घालायची झाली तर मलमलच्या पुरचुंडीत बांधून शेवटी पाच मिनिटं बुडव आणि काढून घे. जास्त राहिली की तुरटपणा उतरतो. मशरूम या चहाच्या पाण्यात भिजवून परतले तर वहिनींचाही विरोध मावळेल बहुतेक.

अंडी तुम्हाला चालतात, म्हणून हेही सांगतो. उकडलेल्या अंड्यांचं कवच चमच्याने ठोकून नुसतं तडकवायचं, सोलायचं नाही. मग सोया सॉस, चक्रीफूल, दालचिनी घातलेल्या या चहात रात्रभर ठेवायची. सकाळी सोलली की पांढऱ्यावर तपकिरी रेघांची जाळी उमटलेली दिसते. चीनमध्ये चहातली अंडी रस्तोरस्ती मिळतात, तिथे साधा काळा चहा वापरतात. धुराचा वापरणं ही माझी चैन.

एक सावधगिरी. युरोपात चहातल्या अँथ्राक्विनोन या घातक मानल्या जाणाऱ्या रसायनाची मर्यादा किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम इतकी कडक आहे आणि हे द्रव्य लाकडाच्या धुरातूनही येतं. त्यामुळे इथे लंडनमध्येही हल्ली धुराचा चांगला माल शोधावा लागतो. दिवसभर ढोसायचा हा चहा नव्हेच. मी रविवारी दुपारी एक कप घेतो, बाकीचा स्वयंपाकात जातो.

डबा घट्ट झाकणाचा घे आणि रोजच्या चहापत्तीपासून लांब ठेव, नाहीतर सकाळच्या चहालाही धुराचा वास यायचा आणि वहिनी मला फोन करायच्या. खिचडीचं काय झालं ते कळव. डिसेंबरात येतोय. मला मात्र भरीत पऱ्हाटीवरचंच हवं, चहाच्या तुपावर माझी बोळवण करू नकोस.

तुझा,
बाळ्या