वाकळेची नोंद

कराड,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय चिंगे,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन येऊन पंधरा दिवस झाले. "वाकळांच्या ऑनलाइन दुकानाचं काय चाललंय?" असं विचारलंस, आणि मी "सविस्तर लिहिते गं" म्हणून विषय तिथंच टाकला. खरं सांगू, दोन मिनिटांत उरकण्यासारखं ते नव्हतं. आज रविवार आहे, शिवायला कोणी येणार नाही, ओसरी रिकामी आहे. म्हणून बसले.

आधी तुझ्या नातीच्या वाकळेचं, म्हणजे गोधडीचं, सांगते. वाकळ तयार आहे. धुऊन, उन्हात दोनदा उलथून, कडुलिंबाचा पाला घालून पेटीत ठेवली आहे. पाठवायला उशीर का झाला ते तुला ठाऊकच आहे. २५ ऑगस्टपासून टपालाने तुमच्याकडं, अमेरिकेत, पार्सलं जायची थांबली, कारण ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला तिकडं जी करमाफी होती ती २९ तारखेपासून संपणार होती. १५ ऑक्टोबरला बुकिंग पुन्हा सुरू झालं, पण तेव्हा विकलेल्या मालाच्या किमतीवर ५० टक्के जकात इथंच भरून पार्सल द्यावं लागू लागलं. म्हणजे ६२०० रुपयांच्या वाकळेवर ३१०० रुपये जकात. अमेरिकेतल्या तीन ऑर्डरी रद्द झाल्या, आणि ज्यांनी रद्द केल्या त्यांना मी काय बोलू? माझी जवळजवळ निम्मी गिऱ्हाइकं तिकडची होती.

शिवणाऱ्या बायकांना त्या दोन महिन्यांत पुरेसं काम देता येईना. ओसरीवर सुई चालत नसली की घर कसं ओकंबोकं वाटतं. त्याच दिवसांत मी दुकानातल्या सगळ्या जुन्या नोंदी, म्हणजे प्रत्येक वाकळेसोबत गिऱ्हाइकांसाठी लिहिलेला मजकूर, उघडून बसले, एक-दोन नाही, बावन्न. आणि मग मला त्या गोष्टीकडं परत जावं लागलं, जी मी तुलासुद्धा नीट कधी सांगितली नव्हती.

तुला आठवतं, सुरुवातीला मी प्रत्येक वाकळेसोबत केवढं लिहायची? तूच म्हणायचीस की वाकळ घ्यायच्या आधी मी तुझं लिहिलेलं वाचते. मग एकदम लिहिणं बंद झालं. तू विचारलंस तेव्हा मी वेळ मिळत नाही म्हणाले. ते खरं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी आक्कांनी एक वाकळ शिवली होती. आक्का म्हणजे ओसरीच्या उंबऱ्याजवळच्या कोपऱ्यात बसतात त्या, ज्यांचा टाका सगळ्यांत बारीक. त्या वाकळेच्या मधोमध त्यांनी त्यांच्या सासूचं हिरवं इरकल घातलं होतं. शिवता शिवता त्या सांगत गेल्या. सासरे गेल्यावर सासूनं ते लुगडं पेटीच्या तळाशी ठेवलं, पुन्हा कधी अंगाला लावलं नाही, पण दर दिवाळीला काढून ऊन दाखवायची आणि परत घडी करून ठेवायची. चिंगे, ऐकताना माझे डोळे भरून आले. मी त्या रात्री बसून सगळं लिहिलं. गावाचं नाव, सासूचं पेटी उघडणं, आक्कांच्या हातांचा फोटो. वाकळ दोन दिवसांत गेली.

आठवड्यानं कुणीतरी ते मोबाइलवर आक्कांच्या मुलाला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी आक्का आल्या. आत आल्या नाहीत, पायरीवरच बसल्या, सुई हातात घेतली नाही. म्हणाल्या, "लुगडं इकलंस त्येचं काय न्हाय. त्ये मी आपल्या हातानं दिलंवतं. पर माझ्या सासूचं दुख इकाय म्हणून दिलं न्हवतं."

मी त्या रात्रीच ते काढून टाकलं. आक्का चार दिवसांनी कामाला आल्या, पुन्हा त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या मनातून मात्र ते गेलं नाही. त्यानंतर मी फक्त एवढंच लिहू लागले: गोधडी, सुती, दुहेरी, हाताने शिवलेली. खाली किंमत.

असं दोन वर्षं चाललं. आणि गंमत नाही, विक्री बसलीच. यंत्रावर शिवलेली, कापूस भरलेली रजई नऊशेला मिळते, तुमची एवढी महाग का, असं लोक विचारायचे, आणि माझ्या पानावर त्याचं उत्तर कुठंच नव्हतं. मग गेल्या वर्षी पुण्याच्या एका बाईंनी वाकळ परत पाठवली. उलगडल्यावर एका बाजूला त्यांना दंड दिसला, दोन लुगड्यांचे धड भाग जोडून घातलेला. म्हणाल्या, "ही जुन्या कपड्यांची आहे, हे तुम्ही कुठं लिहिलंय?" मी पान उघडून बघितलं. खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं. मी पैसे परत केले. चूक सर्वस्वी माझी होती. आक्कांच्या बाबतीत मी जास्त बोलले, आणि या बाईंच्या बाबतीत जे सांगायलाच हवं होतं ते सांगितलं नाही.

म्हणून ऑगस्टमध्ये त्या बावन्न नोंदी वाचायला घेतल्या, तेव्हा मन घट्ट करूनच बसले. जुन्या नोंदींमध्ये "मायेची ऊब" हे शब्द सदतीस ठिकाणी निघाले. मी ते बहुतेक तुमच्यासारख्या लांब असलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहीत होते, घराची आठवण येणाऱ्यांना. आता वाचणारी माणसं इथली असणार होती, सातारा, पुणे, नाशिक, नागपूर. त्यांच्या घरी आजही कुणाची तरी आई उन्हाळ्यात दुपारी अंगणात वाकळ पसरून बसते. तिला माया कसली सांगायची? तिला लुगडी किती, टाका केवढा, वजन किती, तेच कळायला हवं.

मग मी नव्यानं लिहायला बसले. आता पहिली ओळ अशी असते: ही वाकळ वापरलेल्या, धुतलेल्या सुती कापडाची आहे. मग कुठलं कापड. वरच्या थराला दोन लुगडी, एक इरकल आणि एक साधं पातळ. आत एक धोतर आणि दोन परकर. खाली अस्तर. रजईत पिंजलेला कापूस असतो, वाकळेत नसतो, थरावर थर असतात, म्हणून ती पातळ दिसली तरी जड लागते. हे मला इतकं उघड वाटायचं की मी कधी लिहिलंच नव्हतं, आणि लोक सगळ्यात जास्त तेच विचारायचे. तसंच धुण्याचं. घटस्थापनेच्या आधी कृष्णेच्या घाटावर कशा वाकळा वाळत पडलेल्या असतात, तू पाहिलेलं आहेसच. फ्लॅटमधल्या माणसाला घाट कुठला? म्हणून बादलीत कशी भिजवायची, पिळायची नाही, आडवी वाळवायची, ते सगळं लिहिलं.

नावाचा प्रश्न बरेच दिवस सुटेना. शोधणारे "गोधडी" असं टाइप करतात, "वाकळ" कुणी शोधत नाही. पण आक्का आणि दुसऱ्या शिवणाऱ्या वहिनी जे शिवतात त्याला त्या वाकळच म्हणतात. शेवटी "वाकळ (गोधडी)" असं ठेवलं, वाकळ आधी. यावर मी हट्टाला पेटले होते, खोटं कशाला बोलू.

एक मोठी चूकही सापडली. मी एके ठिकाणी ठोकून दिलं होतं की जुन्या कपड्यांना असं नवं रूप देणं जगात फक्त आपल्याकडंच आहे. तूच ह्यूस्टनच्या त्या फाइन आर्ट्स म्युझियमबद्दल लिहिलं होतंस ना, अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्यांचं प्रदर्शन तिथं २००२ मध्ये भरलं होतं म्हणून? त्यांनीही बऱ्याच गोधड्या शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या शिवल्या होत्या. बंगालात कांथा आहे, बिहारात सुजनी आहे, सिंध-राजस्थानात रल्ली आहे. आणि अगदी आपल्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यात, आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज असलेल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्यांचाही टाका कडेनं सुरू होऊन फिरत फिरत मधे येतो, आणि कोपऱ्यांवर कापडाची बारीक फुलं लावतात. त्यांची कवंदी फोटोत पाहिली आणि मला लाज वाटली नाही, उलट बरं वाटलं. ते वाक्य खोडलं आणि त्या सगळ्यांची नावं लिहिली.

फोटो सगळे नव्यानं काढले. पूर्वी रात्री दिव्याखाली काढायची, त्यात कुंकवाचा लाल केशरी दिसायचा. आता सकाळी आठ वाजता, पूर्वेच्या दारात, त्याच बाजेवर. आणि एक जवळून फोटो असतो: टाक्यांच्या ओळीशेजारी ज्वारीचा दाणा ठेवलेला. आक्कांचा टाका दाण्याएवढा असतो, वहिनींचा दीड दाण्याएवढा. त्या एका फोटोनं किमतीबद्दलचे निम्मे प्रश्न मिटले. उरलेल्यांसाठी मी हिशेबच मांडते. अठरा दुपारी, रोज चार तास, म्हणजे ७२ तास. तासाला ६० रुपये धरले की ४३२० मजुरीचे. दोरा आणि अस्तर ४८०. धुणं, वाळवणं, फोटो ३००. पार्सल ३५०. हे झाले ५४५०, आणि किंमत ६२००. उरलेल्या साडेसातशेत पोर्टलचं कमिशन आणि माझं सगळं. तुला वाटेल एवढं उघडं कशाला करायचं? मलाही भीती होती. पण आकडे लिहिल्यापासून कुणी घासाघीस केलेली नाही.

पार्सलचा खर्च कमी कसा केला तेही सांगते, कारण तुझा भाऊ मसाल्याचा व्यवसाय काढणार आहे म्हणालीस. बहुतेक कुरिअरवाले वजनाबरोबर आकारही मोजतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५००० नं भागायचं, येईल ते किलो. सैल घडीचा खोका ४५, ३५, २० चा, म्हणजे ६.३ किलो धरणार, आणि वाकळ असते २.८ किलोची. आता घडी घालून वर पाट ठेवून रात्रभर दाबते आणि सुतळीनं करकचून बांधते. मग ४०, ३०, १४ चा खोका पुरतो, ३.३६ किलो.

हे सगळं एका बाजूला. खरं सांगायचंय ते वेगळंच.

नव्या नोंदी झाल्यावर दुकानात टाकायच्या आधी मी एक केलं. आक्कांना म्हणाले, "आक्का, लिवलंय ते वाचून दाखवू?" त्यांना वाचता येत नाही. त्या शिवत होत्या, मान न उचलता म्हणाल्या, "वाच की." मी त्यांच्याच वाकळेची नोंद वाचली. "वरच्या थराला तीन लुगडी" म्हटल्याबरोबर सुई थांबली.

"तीन न्हवं, चार. खालच्या कडंला काठ लावलाय त्यो येगळ्या लुगड्याचा हाय. दिसत न्हाय व्हय तुला?"

मी वाकून बघितलं. खरंच, दोन बोटं रुंदीचा काठ, रंग जवळजवळ तोच, पण विण वेगळी. त्यांनी पटकन पुढं म्हटलं, "आन् अठरा दिस न्हाय, एकवीस. मधी तीन दिस ताप आलावता तरी घरी शिवलं." म्हणजे माझा हिशेबही चुकीचा निघाला. त्या वाकळेची किंमत वाढवली आणि वाढलेले पैसे त्यांना दिले.

शेवटी मी धीर करून विचारलं, "आक्का, इथं नाव घालू का तुमचं?" त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. दोरा संपत आला होता, गाठ मारली, दातानं तोडला. मग म्हणाल्या, "नाव नगं. 'उंबऱ्यापाशी बसनारीनं शिवली' आसं घाल. माझ्या मानसास्नी कळंल." आणि चिंगे, मी तसंच घातलं आहे. प्रत्येकीला विचारलं. वहिनींनी स्वतःचं पूर्ण नाव आणि गाव लिहायला लावलं, वर दोनदा स्पेलिंग तपासायला सांगितलं. तिसरीनं काहीच नको म्हटलं, तिच्या वाकळेखाली काही नाही.

आता दर शनिवारी दुपारी, शिवून झालं की मी त्या आठवड्याच्या नोंदी मोठ्यानं वाचते. कुणी म्हणतं हे काढ, कुणी म्हणतं हे घाल. गेल्या शनिवारी वाचता वाचता दोघींचं भांडणच लागलं, की एका लुगड्याच्या रंगाला चिंतामणी म्हणायचं की मोरपिशी. अजून मिटलेलं नाही, त्यामुळं ती वाकळ अजून दुकानात लागलेली नाही.

आता तुला एक विचारायचं आहे, आणि म्हणूनच हे सगळं फोनवर उरकलं नाही. तुझ्या नातीच्या वाकळेत तू पाठवलेल्या तुझ्या आईच्या पातळांपैकी निळं पातळ मी मधोमध घेतलं आहे. पदराजवळ त्याला एक बारीक रफू आहे. माझ्या आठवणीप्रमाणे तुमच्या घरी बारशाला तुझ्या आईचा, काकूंचा, पदर खिळ्याला अडकला आणि रात्री त्यांनीच ते रफू केलं, मी तिथंच झोपले होते. आक्कांनी ते रफू न झाकता वरच ठेवलं. ही वाकळ विकायची नाही, तरी शिवलेल्या प्रत्येक वाकळेची नोंद मी वहीत ठेवते, आणि या नोंदीची प्रत वाकळेसोबत तुझ्या नातीसाठी पाठवायची आहे. ती वाचायला लागेल तेव्हा वाचेल.

काकूंच्या रफूचं त्यात लिहू का? आणि लिहिलं तर मला आठवतंय ते बरोबर आहे ना, की बारसं नव्हतं, दुसरंच काही होतं? तू हो म्हणालीस तर लिहीन. नाही म्हणालीस तर "मधोमध निळं सुती पातळ, एक जुनं रफू" एवढंच ठेवीन. तुझं उत्तर आल्यावरच पार्सल बांधते.

घरच्या थोरांना नमस्कार, नातीला गोड पापा.

तुझीच,
सखू