बालहक्काचे शिबिर शाळेत, मूल द्राक्षबागेत

संपादक महोदय,

९ नोव्हेंबरला राष्ट्रीय विधी सेवा दिन आणि १४ ला बालदिन. या आठवड्यात बालकल्याण आणि शिक्षणातील समानता या विषयांवर जिल्ह्यात कायदेविषयक शिबिरे होतात. नेमकी तेव्हाच पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडची कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत उतरलेली असतात. छाटणी उरकून फेलफुटी काढणे, डिपिंग, विरळणी अशी कामे चालू असतात. आई-बाप मांडवाखाली आणि दहा वर्षांची थोरली धाकट्याला कडेवर घेऊन शेडच्या दाराशी. शिबिर मात्र सकाळी अकराला शाळेच्या सभागृहात, म्हणजे शाळेत आलेल्याच मुलांपुढे.

भाषणात शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारे संविधानाचे कलम २१-अ येते, ते यावेच. पण त्या थोरलीच्या उपयोगाची कलमे वेगळी. शिक्षणहक्क कायदा, २००९ चे कलम ५ सांगते की आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही हेही कारण चालत नाही. वर्ष निम्मे सरले, आता जूनमध्ये या, हे उत्तर कलम १५ मध्ये बसत नाही. आणि कलम ४ प्रमाणे दहा वर्षांच्या मुलीला पहिलीत नव्हे, वयानुरूप वर्गात बसवून वेगळे शिकवायचे असते. शाळा अडवतात त्या बहुधा दाखल्यावरच. पालकही मुकाट्याने परततात, कारण नकार तोंडी असतो.

म्हणून शिबिरात माइकपेक्षा टेबल महत्त्वाचे. टेबलावर कोऱ्या अर्जांचा गठ्ठा, शाईचे पॅड (अंगठ्यासाठी) आणि लिहून देणारे दोन विधी स्वयंसेवक हवेत. अर्ज दोन प्रतींत करावा. शाळेने नकार दिला तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. ग्रामीण भागात जिल्हा परिषद, शहरात महापालिका. निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील. पण आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक नसेल, तर तीन महिने मोजायचे कुठून? बहुतेक तक्रारी इथेच विरतात.

शहरातल्या वस्त्यांत अडचण निराळी. याच कायद्याखालच्या खासगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांचे अर्ज पडताळणीत बाद होतात ते भाडेकरारामुळे. नोटरीकडून केलेला करार चालत नाही, दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला लागतो, तोही अर्ज भरण्याआधीचा. सातपूर-अंबडच्या चाळीतला घरमालक सहज नोंदणी करून देत नाही. हे सोडतीनंतर कळून उपयोग काय? शिबिर घ्यायचे तर अर्ज सुटण्याच्या महिनाभर आधी.

पोक्सोची, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याची, माहिती देतानाही जपायला हवे. ‘कुणाला काही त्रास आहे का? हात वर करा’ असे भर सभेत विचारणे म्हणजे मुलाला उघडे पाडणे. त्यापेक्षा १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावा. मुख्याध्यापकांना मात्र स्पष्ट सांगावे, की ‘आधी शाळेत चौकशी करू’ ही सवलत कलम १९ देत नाही. गुन्ह्याची माहिती पोलिसांना कळवायचीच असते. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद आहे.

वकिलाची फी कोण देणार, ही भीती सगळीकडेच असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बालके, महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे ‘सदरहू अधिनियमान्वये’ अशा भाषेत सांगितले, तर सुरगाण्याच्या माणसाला काय उमगणार? तिकडच्या आदिवासींची कोकणी बोली बोलणारा एक तरी स्वयंसेवक हवाच.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला आणि तालुका समित्यांना एवढीच विनंती, की यंदा एक शिबिर तरी बागेच्या शेडवर, संध्याकाळी सातनंतर घ्या. बाजाराचा दिवस टाळा, त्या दिवशी मजूर किराण्याला गेलेले असतात. जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना जनरल रजिस्टर (प्रवेशाची नोंदवही) घेऊनच बोलवा, म्हणजे मुलांची नावे तिथल्या तिथे चढतील.

आपले,
काही विधी स्वयंसेवक व निवृत्त शिक्षक, नाशिक