अंड्यावाचून ट्रेक

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. पोराला अंड्याची ॲलर्जी निघाली म्हणून ट्रेकच रद्द करायचा, हे काही मला पटलं नाही. त्याला घेऊनच जा. फक्त दुकानात ‘एग सबस्टिट्यूट’ असं लिहिलेलं दिसलं की लगेच उचलू नकोस. कोलेस्टेरॉल सांभाळणाऱ्यांसाठी जे मिळतं, त्यातल्या कित्येकांत बलक तेवढा काढलेला असतो, पांढरं तसंच! आणि त्रास देणारी प्रथिनं मुख्यतः पांढऱ्यातच असतात. त्यातलं ओव्होम्युकॉइड नावाचं प्रथिन तर उष्णतेलाही सहजी दाद देत नाही, म्हणून ‘केकमध्ये भाजलं गेलंय, चालेल’ हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नकोस. ट्रेकवाल्यांची लाडकी अंड्याची पावडरही बाद. ते सुकवलेलं अंडंच.

तू विचारलंयस, एका अंड्याऐवजी काय घालू? अरे, ते अंडं तिथे काय करतंय त्यावर आहे. टिक्की किंवा कटलेट धरून ठेवायचं असेल तर जवस. एक मोठा चमचा जवसाची पूड, तीन मोठे चमचे पाणी, ढवळून दहा मिनिटं ठेव. चमचा उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी बुळबुळीत तार सुटली की समज झालं. गार पाण्यात वेळ जास्त लागतो, घाई करू नकोस. दळलेलं जवस लवकर खवट होतं, म्हणून ट्रेकला मी चियाचं बीच नेतो. प्रमाण तेच, दळायची गरज नाही.

पॅनकेक फुगवायचा असेल तर जवसाचा उपयोग नाही, गच्च गोळा होतो. तिथे एक छोटा चमचा सोडा आणि एक मोठा चमचा व्हिनेगर, तेही तव्यावर घालायच्या अगदी आधी. उंचावर हवेचा दाब कमी, बुडबुडे जास्त फुगतात आणि फुटून मधोमध खड्डा पडतो. तिथे सोडा थोडा कमीच घाल. पिकलेलं केळं ओलावा देतं खरं, पण मग सगळ्याला केळ्याचीच चव. मला नाही आवडत.

हरभरे शिजवलेलं दाट पाणी फेटलं की पांढऱ्यासारखा फेस येतो. 2014 साली फ्रान्समधल्या ज्योएल रोसेलने हे दाखवून दिलं. तीन मोठे चमचे म्हणजे एक अंडं. घरी मजा येते, पण पाठीवर पाणी वाहून नेण्यात काय अर्थ आहे?

खरा प्रश्न सकाळच्या ऑम्लेटचा. इतर मुलं खाणार आणि हा बघत बसणार, असं नको. बेसन, चिमूटभर हळद, मीठ, सुकवलेला कांदा आणि किंचित सोडा घरूनच एकत्र करून पाकिटात भर. एका अंड्याला तीन मोठे चमचे बेसन धर. तिथे जवळपास तेवढंच पाणी घालून गुठळ्या मोड आणि पाच मिनिटं थांब. आच मंद, वर झाकण. कडा सुटून वरची ओलसर चकाकी गेल्याशिवाय उलटू नकोस, कच्चं बेसन कडू लागतं. काळं मीठ मात्र वेगळ्या पुडीत ने आणि खाली उतरवल्यावर भुरभुरव. त्यातल्या गंधकाच्या वासानेच अंड्याचा भास होतो, आणि आचेवर तो वास उडून जातो. त्याला हरभरा चालतो ना, तेवढं आधी विचारून घे.

बाकीचे खरी अंडी करणार असतील तर त्याचा तवा, उलथनं, चमचा सगळं वेगळं. आणि त्याचं रंधन आधी. डॉक्टरांनी दिलेलं औषध तुझ्या सॅकच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात. बरोबरच्या आणखी एकाला ते कसं द्यायचं हे दाखवून ठेव.

किती जण आहात आणि स्टोव्ह गॅसचा की स्पिरिटचा, ते कळव. स्पिरिटचा असेल तर आच मंद करणं अवघड जातं, मग पाकिटांतलं मिश्रण जरा पातळ करायला सांगीन. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अभय