सायकलच्या पंपाबद्दल आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या आठवीच्या वर्गावर येऊन गेलात त्याला पंधरा दिवस झाले, पण पोरं अजून पंप खाली ठेवत नाहीत. त्या दिवशी घंटा झाली आणि धड आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

प्रश्न एका मुलीचा होता. आणखी ताकदीचं इंजिन लावलं तर जेट कितीही वेगानं जाईल ना? मी तिला "हवेचं घर्षण" एवढंच सांगितलं होतं. तुमची नोकरी बरेलीला हवाई दलाच्या मिग-25 या अतिवेगवान जेट विमानांच्या इंजिनांवर झालेली. तुम्ही फळ्याकडे गेलाच नाहीत, पिशवीतून पंप काढलात. भोकावर अंगठा दाबून तिला पंचवीसेक दणके मारायला लावलेत आणि म्हणालात, "आता खाली हात लाव." तिनं हात झटकन मागे घेतला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, दट्ट्या घासला म्हणून तापला. तुम्ही पंप गार होऊ दिलात, भोक मोकळं ठेवलंत आणि तेवढेच दणके पुन्हा मारायला लावलेत. पंप जेमतेम कोमट! घासणं तेच होतं, फक्त हवा दाबली गेली नव्हती.

त्यानंतरचं सगळं मुलांना आपोआप कळत गेलं. विमानाच्या अंगालगतच्या थरात घर्षणाचा वाटा असतोच, पण नाकाशी आणि इंजिनाच्या तोंडाशी हवा दाबली जाते म्हणून तापते. खूप उंचावर बाहेर उणे 56 अंश असताना मॅक 2 ला, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगाला, तिथे सुमारे 117 अंश होतात, मॅक 3 ला 334. वेग दीडपट, तापमानातली वाढ सव्वादोनपट. काँकॉर्ड हे आवाजापेक्षा वेगानं जाणारं प्रवासी विमान ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, म्हणून त्याच्या नाकाला 127 अंशांची मर्यादा होती. उड्डाणात ते तापून वीसेक सेंटिमीटर लांबायचं. मिग-25 बहुतांशी पोलादाचं, अमेरिकेचं टेहळणी विमान एसआर-71 टायटॅनियमचं. एवढं करूनही एसआर-71 ला इंजिनाच्या तोंडाशी 427 अंशांपलीकडे जायची मुभा नव्हती.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते पुढचं. टर्बाइनच्या, म्हणजे इंजिनातल्या तापलेल्या वायूनं फिरणाऱ्या चाकाच्या, पात्यांना सोसेल तेवढीच उष्णता इंजिनात चालते. हवा आधीच तापून आली, की इंधन जाळून वाढवायला जागाच उरत नाही. तुम्ही काठोकाठ भरलेला पेला दाखवून म्हणालात, "आता यात ओत पाहू." ती मुलगी नुसती पेल्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं शिकवतेय, पण ही गोष्ट इतकी सरळ मलाही कुणी सांगितली नव्हती.

मिग-25 ला मॅक 2.83 ची मर्यादा होती आणि त्यापुढे रेटलं तर इंजिन बेफाम फिरून निकामी व्हायचा धोका, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. आपल्या हातून तयार झालेल्या यंत्राला किती झेपेल, हे तुम्ही आतून ओळखून होतात. 1981 ते 2006 ही विमानं आपल्या हवाई दलात होती, हे मुलांनी वहीत ठळक लिहून ठेवलंय.

काल ती मुलगी पुन्हा आली. "बाई, हवा इंजिनात शिरायच्या आधीच गार केली तर?" म्हणाली. या वेळी मी घाईनं काही बोलले नाही. तुम्हाला सवड होईल तेव्हा या, काका. पंपाचा वॉशर मुलांनी झिजवलाय, नवा बसवून ठेवते.

आपली,
आठवीच्या विज्ञानाच्या बाई