जिवाणू मोजले, हृदयाचे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आतड्यातील जिवाणूंचे संतुलन सुधारून हृदयाचे आरोग्य राखणाऱ्या एका पूरक पावडरीची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्यविषयक पानावर प्रसिद्ध झाली. या पावडरीच्या चाचणीतून 'उत्साहवर्धक निष्कर्ष' हाती आल्याचे तीत म्हटले होते. मी ती दोनदा वाचली. चाचणी किती जणांवर झाली, किती दिवस चालली, तुलनेसाठी दुसरा गट होता की नव्हता आणि मुख्य म्हणजे मोजले काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला सापडले नाही. पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून मी २७ वर्षे काम केले आणि निवृत्तीनंतर अशाच एका पूरकाच्या चाचणीत सहभागी म्हणून १२ आठवडे घालवले. नमुने तपासण्याचे काम आणि नमुने देण्याचे काम, दोन्ही मी केलेले असल्यामुळे या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आतडे आणि हृदय यांचा संबंध जाहिरातदारांच्या कल्पनेतून आलेला नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. अन्नातील कोलीनयुक्त स्निग्ध घटकांपासून आतड्यातील काही जिवाणू एक संयुग बनवतात, ते रक्तावाटे यकृतात पोचते आणि तेथे त्याचे 'टीएमएओ' या पदार्थात रूपांतर होते, हे अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमधील स्टॅन्ली हेझन यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवून दिले. उंदरांमध्ये या पदार्थामुळे धमन्यांत मेदाचे थर साचण्याचे प्रमाण वाढले. याच गटाचा ४,००७ रुग्णांचा तीन वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला; ज्यांच्या रक्तात टीएमएओ अधिक, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मृत्यू यांचे प्रमाणही अधिक आढळले. मात्र यापुढची पायरी तितकी सरळ नाही. मूत्रपिंडांचे काम मंदावले की टीएमएओ शरीराबाहेर नीट टाकला जात नाही आणि रक्तात साचू लागतो, आणि मूत्रपिंडाचा विकार तर स्वतःच हृदयाला घातक असतो. समुद्रातील माशांत हा पदार्थ मुळातच असतो. मासे खाल्ल्यावर त्याची रक्तातील पातळी चढते, तरीही मासे खाणे हृदयाला अपायकारक ठरल्याचे दिसत नाही. त्यामुळे एखाद्या पावडरीने टीएमएओ कमी केला एवढ्या आधारावर तिला हृदयरक्षक म्हणता येणार नाही. अंगात जोम यावा म्हणून विकले जाणारे कार्निटिन हे पूरकही आतड्यातील जिवाणूंच्या मदतीने टीएमएओ वाढवू शकते, हे २०१३ मध्येच समोर आले होते. एकच पूरक शरीरात किती वेगवेगळ्या दिशांनी काम करते, हे यावरून लक्षात यावे.

जिवाणूंच्या आणि पित्ताच्या मार्गाने कोलेस्टेरॉल उतरवण्याचा दुसरा मार्ग मला अधिक आशादायक वाटतो. पचनासाठी लागणारी पित्ताम्ले यकृत कोलेस्टेरॉलपासूनच तयार करते आणि वापरून झालेली बहुतेक आम्ले आतड्यातून पुन्हा परत घेते. विद्राव्य तंतुमय घटकांनी ती अडवली, किंवा जिवाणूंनी त्यांचे स्वरूप बदलले, की ती शौचावाटे बाहेर जातात आणि भरपाईसाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. 'लॅक्टोबॅसिलस र्‍यूटेरी' या जिवाणूच्या एका विशिष्ट वाणाची, म्हणजे उपप्रकाराची, १२७ जणांवर नऊ आठवडे चाचणी झाली. २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा निष्प्रभ, म्हणजे औषध नसलेली आणि केवळ तुलनेसाठी दिलेली, कॅप्सूल घेणाऱ्यांच्या तुलनेत वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, सुमारे साडेअकरा टक्क्यांनी कमी झालेले आढळले. हे खरोखर चांगले काम आहे. परंतु तो निष्कर्ष त्या वाणाचा, त्या मात्रेचा आणि त्या नऊ आठवड्यांचा आहे. डब्यावर तेच जिवाणूचे नाव छापलेले दुसरे उत्पादन हा निष्कर्ष आपलाच असल्याप्रमाणे मिरवू लागले, तर ती ग्राहकाची फसवणूक होय.

शिवाय एलडीएल हीसुद्धा रक्तातील एक संख्याच आहे. ती उतरली की झटके कमी होतात, हे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांच्या बाबतीत हजारो रुग्णांच्या चाचण्यांतून सिद्ध झाले. प्रत्येक संख्येच्या बाबतीत तसे घडलेले नाही. रक्तातील होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढलेल्यांना हृदयविकार अधिक होतो असे दिसल्यावर फॉलिक आम्ल आणि बी जीवनसत्त्वे देऊन ते उतरवण्याचा मोठा प्रयत्न झाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'होप-२' या चाचणीत ५,५२२ रुग्णांना सुमारे पाच वर्षे ही जीवनसत्त्वे किंवा निष्प्रभ गोळ्या दिल्या गेल्या. होमोसिस्टीन ठरल्याप्रमाणे उतरले. पक्षाघाताचे प्रमाण थोडे घटले, पण हृदयविकाराचे झटके आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांत लक्षणीय फरक पडला नाही. पाच वर्षे थांबून प्रत्यक्ष झटके आणि मृत्यू मोजले नसते, तर ही जीवनसत्त्वे आज हृदयरक्षक म्हणून घरोघरी पोचली असती. आतड्यातील जिवाणूंच्या बाबतीत तर अंतर आणखी मोठे आहे, कारण कोणता जिवाणू किती असला म्हणजे आतडे निरोगी म्हणावे, याबद्दल शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. नेहमीच्या जनुकीय तपासणीतून जिवाणूंची खरी संख्या कळतही नाही, एकूण जिवाणूंत कोणाचा वाटा किती एवढेच कळते. एकाचा वाटा वाढलेला दिसतो, तेव्हा तो खरोखर वाढला असेल किंवा दुसरे घटले असतील. त्यात नमुना वेळेवर गोठवला गेला नाही, तर डबीतल्या डबीत काही जिवाणू वाढत राहतात. नमुना बंद करून शीतकपाटात ठेवेपर्यंत किती वेळ गेला, हे अहवालात कुठेही उमटत नाही.

आता माझ्या अनुभवाविषयी. मला क्रमांक घातलेल्या पुड्या मिळाल्या होत्या. रोज सकाळी कोमट पाण्यात एक पुडी ढवळून घ्यायची आणि दिवसभराचे खाणे वहीत लिहायचे. निम्म्या जणांना खरी पावडर आणि निम्म्यांना हुबेहूब दिसणारी निष्प्रभ पावडर मिळणार होती, आणि कोणाला काय मिळाले हे आम्हालाही ठाऊक नव्हते, तपासणाऱ्यांनाही नव्हते. कागदावर हे अगदी योग्य होते. प्रत्यक्षात चौथ्या दिवशी माझे पोट फुगू लागले, वायू धरला आणि आपल्याला खरी पावडर मिळाली असा मी मनाशी ग्रह करून घेतला. या प्रकारच्या तंतुमय पावडरींचा हा परिचित परिणाम आहे. रक्त देण्यासाठी रांगेत माझ्याशेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "मला काहीच होत नाही, म्हणजे माझी खोटीच असणार." आपली पावडर खोटी असल्याच्या समजातून त्यांनी संध्याकाळी चालायला जायला सुरुवात केली होती. माझ्याही खाण्यात फरक पडला, कारण लिहावे लागणार या विचाराने मी दुसऱ्यांदा वाढून घेणे टाळू लागले. कोणाला काय मिळाले, याचा अंदाज सहभागींनी किती अचूक बांधला हे चाचणीच्या शेवटी विचारून अहवालात नोंदवले पाहिजे. आम्हाला ते कोणी विचारले नाही.

दुसरा गट न ठेवता केवळ 'आधी' आणि 'नंतर' अशी तुलना करणाऱ्या चाचण्यांवर माझा विश्वास का नाही, याचे कारण प्रयोगशाळेत सापडते. कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले म्हणूनच माणूस चाचणीत घेतला जातो. पण तोच माणूस काही आठवड्यांनी, काहीही उपाय न करता, पुन्हा रक्त द्यायला आला, तर त्याचा आकडा पुष्कळदा खाली आलेला असतो, कारण पहिल्या वेळी तो नेमका चढलेल्या दिवशी मोजला गेला होता. रुग्ण आनंदाने विचारीत, "मॅडम, माझे काय बदलले?" आणि माझ्याकडे उत्तर नसे. ही आपोआप झालेली घट पावडरीच्या खात्यात जमा करणे सोपे आहे. तिला वेगळे काढण्यासाठीच निष्प्रभ पावडरीचा गट लागतो.

अशी तुलना चोख केली म्हणजे काय दिसते, याचे एक उदाहरण २०२२ मध्ये मिळाले. क्लीव्हलँड क्लिनिकच्याच संशोधकांनी १९० जणांना २८ दिवस स्टॅटिनची कमी मात्रा, निष्प्रभ गोळी किंवा हृदयासाठी घेतल्या जाणाऱ्या सहा पूरकांपैकी एक दिले. स्टॅटिनच्या गटात एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरले. सहांपैकी एकाही पूरकाने निष्प्रभ गोळीपेक्षा लक्षणीय घट दाखवली नाही. या चाचणीचा खर्च त्या स्टॅटिनच्या मूळ उत्पादक कंपनीने केला होता, तेही सांगितले पाहिजे. २८ दिवस अपुरे आहेत, हा आक्षेपही रास्त आहे. त्यावर उपाय अधिक मोठी आणि अधिक लांब चाचणी हाच आहे, आणि ती करून दाखवण्याची जबाबदारी पूरक विकणाऱ्यांची आहे. तोवर अशा बातम्या वाचून कोणी डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या ओळखीतील एका गृहस्थांनी स्टेंट घातल्यानंतर पाच महिन्यांतच तसे केले होते.

माझी तक्रार मात्र वेगळीच आहे. चाचणी संपल्यावर निष्कर्ष कळवले जातील, असे मी सही केलेल्या संमतिपत्रात लिहिले होते. मी दोनदा फोन केला. "विश्लेषण चालू आहे," असे दोन्ही वेळा सांगण्यात आले. त्याला चार वर्षे होत आली. चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत आमच्या चाचणीची नोंद आहे, पण निष्कर्षाचा रकाना रिकामा आहे. माणसांवर केलेल्या संशोधनाचे अनुकूल, प्रतिकूल आणि अनिर्णित असे सर्व निष्कर्ष जाहीर झाले पाहिजेत, असे जागतिक वैद्यकीय संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा स्पष्टपणे सांगतो. फसलेल्या चाचण्या रकान्यातच राहिल्या आणि यशस्वी झालेल्या तेवढ्या छापून आल्या, तर वाचकाला प्रत्येक पावडर गुणकारीच वाटणार. आम्ही बारा आठवडे रक्त दिले, शौचाचे नमुने डब्यांत भरून पोचवले, घास न् घास लिहून ठेवला. पावडर निरुपयोगी ठरली असेल, तर तेवढे सांगण्याचे सौजन्य आम्हाला हवे होते.

चाचणी सुरू होण्यापूर्वी तिची नोंदणी झालेली असली पाहिजे, ही अट वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ पासून घातली आहे. आपल्या वृत्तपत्रानेही पूरकांच्या बातमीसोबत नोंदणी क्रमांक, सहभागींची संख्या, कालावधी, आधी ठरवलेले मुख्य मोजमाप आणि खर्च करणाऱ्याचे नाव छापण्याचा प्रघात सुरू करावा. त्यासाठी दोन ओळीही लागणार नाहीत. उत्पादकाने ही माहिती दिली नाही, तर 'मागूनही मिळाली नाही' असे छापावे. गेल्या आठवड्यातील पावडरीपासूनच ही सुरुवात व्हावी. तिची माहिती उत्पादकाकडे मागावी आणि जे उत्तर येईल ते याच पानावर द्यावे, अशी विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक, निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ