मोन्तोनेला जाऊन आलो

पेरुजा, इटली, ११ जुलै

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. आई, फोनवर आवाज बसलेला वाटला तो सर्दीमुळे, आता खडखडीत बरा आहे. जेवण, कॉलेज नेहमीचंच.

काल इथल्या जवळच्या मोन्तोने गावाला जाऊन आलो. बाबा म्हणतील, शिकायला पाठवलंय की फिरायला? पण १० जुलै हा यशवंत घाडगे यांचा स्मृतिदिन (सैन्यात ते नाईक हुद्द्यावर होते), आणि ते लढताना जिथे पडले ते तेवेरे नदीचं खोरं इथून जवळच. आपल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. तहसील कचेरीपाशी त्यांचा पुतळा आहे, दाखल्यासाठी गेलो की तिथूनच जायचो, पण वय कधी ध्यानात आलं नव्हतं. बावीस. आपल्या ताईपेक्षाही लहान!

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची त्यांची तुकडी मशीनगनच्या तडाख्यात सापडली. सोबतचे सगळे मेले किंवा जखमी झाले. मागे कोणी उरलं नाही हे माहीत असूनही ते एकटे धावून गेले. हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच ठार केलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून गेले. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मरणोत्तर मिळाला. इटलीत आपले ५,७८२ सैनिक गेले, त्यांतले हे एक.

इथली एक रीत मला अजून नवलाची वाटते. कोणी वारलं की भिंतीवर छापील कागद चिकटवतात. काळी चौकट, नाव, वय, कधी फोटो, खाली घरच्यांची नावं, अंत्यविधी कुठल्या चर्चमध्ये, किती वाजता. आपल्याकडे श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागतात तसेच, पण इथे पुढाऱ्यांचे चेहरे नसतात आणि साध्या म्हातारीचाही कागद लागतो. त्यासाठी गावात ठरलेले फलक असतात. वर्षश्राद्धाला पुन्हा नवा कागद. बायका भाजीच्या पिशव्या घेऊन थांबतात, सगळा वाचतात आणि मग पुढे जातात. असा फलक दिसला की मी आता प्रत्येक नाव वाचतो. घाडग्यांसाठी तेव्हा असा कागद कोण लावणार होतं? त्यांचं नाव इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर आहे, ज्यांची कबर माहीत नाही अशांच्या यादीत. पण २०२३ मध्ये मोन्तोनेच्या लोकांनी त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं. परक्या गावाने आपल्या पोराची आठवण ठेवली, याचं मला फार बरं वाटलं.

फुलं वाहिली. ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हणालो, मोठ्याने म्हणायला धीर झाला नाही. त्यांच्या घरच्यांना शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. मी रोज व्हिडिओवर दिसतो, तरी आई, तू ‘कधी येशील’ विचारलंस की मी विषय बदलतो.

आणि मी एकटा नव्हतो, ओडिशाचा मित्र बरोबर होता. बसने गेलो, अंधाराआधी परत आलो. तिकीट शिष्यवृत्तीतून काढलं, घरच्या पैशाला हात लावला नाही. टीव्हीवर युद्धाच्या बातम्या बघून घाबरू नका, ते सगळं इथून लांब आहे.

बाबा, ताईच्या लग्नासाठी एक लाख पाठवले आहेत, खात्यात आले का बघा. त्यापायी सोसायटीचं कर्ज काढू नका, आणखी थोडे दिवाळीपर्यंत पाठवतो. सुपारी फुटली तेव्हा मी नव्हतो, निदान लग्नाला तरी यायचंच आहे. पण सुट्टी मिळते ती नाताळात, आणि पौष लागला तर गुरुजी नको म्हणतील. तसं असेल तर माझ्यासाठी मुहूर्त अडवू नका. करवल्याचं काम चुलतभावाला सांगा, तो आनंदाने करेल. ताईला मी स्वतः समजावीन, तुम्ही काही बोलू नका. आणि महाडच्या मामींना सांगा, माझी पत्रिका एवढ्यात कुठे देऊ नका, आधी माझं शिक्षण होऊ दे.

आजीला नमस्कार. तिच्या गुडघ्याचं औषध संपायच्या आत कळवा.

तुमचा,
धाकटा